एक मळा, अनेक वर्षे : रेड वाइनच्या अभ्यासाची प्रस्तावना

१० एप्रिल १६६३ रोजी लंडनमध्ये सॅम्युअल पेपिस या नौदलाच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत एका फ्रेंच वाइनची नोंद केली. रॉयल ओक नावाच्या टॅव्हर्नमध्ये ती त्याच्या पुढ्यात आली होती. चव चांगली आहे आणि आजवर चाखलेल्या कुठल्याच वाइनसारखी नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले आणि वाइनचे नाव कानावर पडले तसे उतरवले. ती होती ओ-ब्रियोंची वाइन. त्या काळी बोर्दोहून येणारी लाल वाइन लंडनमध्ये सरसकट ‘क्लॅरेट’ म्हणून विकली जाई. ती कोणाच्या मळ्यातली, हे पिणाऱ्याला ठाऊक नसे आणि त्याला विचारावेसेही वाटत नसे. पेपिसच्या एवढ्याशा नोंदीत मात्र वाइनला तिच्या मळ्याचे नाव मिळालेले आहे.

ओ-ब्रियों हा मळा बोर्दोलगतच्या पेसाक गावात आहे. सोळाव्या शतकात जाँ द पोंताक याने तो उभा केला. १६६६ मध्ये, लंडनच्या मोठ्या आगीनंतर, पोंताक घराण्याने त्या शहरात स्वतःचे टॅव्हर्न उघडले आणि आपली वाइन आपल्या नावाने विकायला सुरुवात केली. १६७७ मध्ये जॉन लॉक हा तत्त्वज्ञ खुद्द मळ्यावर गेला. त्याने तिथली माती पाहिली : पांढरी वाळू आणि तीत मिसळलेले खडे, जिथे काही उगवेल असे वाटू नये अशी जमीन. मध्ये केवळ एक चर असलेल्या शेजारच्या मळ्याची वाइन तेवढी चांगली होत नाही, असे व्यापाऱ्यांनी सांगितल्याचेही त्याने टिपले. १७८७ मध्ये फ्रान्समधले अमेरिकी प्रतिनिधी टॉमस जेफरसन तिथे गेले. १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी लाल वाइनची प्रतवारी केली आणि पहिल्या श्रेणीत चारच मळे ठेवले : लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. पहिले तिन्ही मेदोकमधले. ग्राव्ह भागातला हा एकटा. पाचवा, मूतों, त्या श्रेणीत आला तो थेट १९७३ मध्ये.

या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती श्रीमंती नव्हे. साडेतीनशेहून अधिक वर्षे माणसे त्याच जमिनीची वाइन पीत आली आणि पिऊन काय वाटले ते लिहीत आली, ही गोष्ट मोलाची. रेड वाइन अभ्यासाचा विषय होते ती इथे. एका जागेची माती, एका वर्षाचे हवामान आणि काही माणसांचे निर्णय बाटलीत उतरतात, पण एकट्या बाटलीवरून त्यांतले काय कशामुळे आले हे कळत नाही. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची बाटली शेजारी आली की फरक दिसतो आणि फरकामागचे कारण शोधता येते. या पुस्तकाचा सगळा आग्रह एवढाच आहे : एक मळा धरा आणि अनेक वर्षे त्याच्या मागे राहा.

पेसाक आज बोर्दो शहराचे उपनगर आहे. ओ-ब्रियोंच्या सुमारे पन्नास हेक्टरांना घरांनी आणि रस्त्यांनी वेढले आहे. शहराच्या ट्रॅमने तिथवर जाता येते. आसपासचे कितीतरी मळे विसाव्या शतकात बांधकामाखाली गेले. अंधेरीत राहणाऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. साष्टी बेटावरची भातशेती गेली. मरोळ, चकाला, गुंदवली, आंबोली या गावांची नावे आणि गावठाणांचे तुकडे उरले. ओ-ब्रियों टिकला याचे कारण मला असे दिसते : त्या जमिनीला नाव होते, नावामागे नोंदी होत्या आणि त्या नोंदींमुळे तिच्यावरचे पीक कोणत्याही इमारतीइतके मोलाचे ठरले होते. नोंद जमिनीला वाचवू शकते, हे उपनगरात राहून लिहिताना मला फार महत्त्वाचे वाटते.

याच गावठाणांत वाइन परकीही नाही. मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत नाताळासाठी काळ्या द्राक्षांची किंवा मनुकांची वाइन घरी करण्याची रीत आहे. बरणीतली फसफस कधी मंदावते, गाळ कधी तळाशी बसतो, वाइन कधी गाळून घ्यायची आणि किती मुरू द्यायची, हे तिथल्या आज्यांना हाताच्या सवयीने कळते. त्यामागचे शास्त्र पुढे येईलच, पण या विषयाची पहिली प्रयोगशाळा अंधेरीच्या स्वयंपाकघरात होती, हे आधीच नोंदवून ठेवते.

मळा

या विषयात मराठी वाचक रिकाम्या हाताने येत नाही. नाशिक जिल्ह्यात ओझरला १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षलागवड सुरू केली असे मानले जाते. तेव्हापासून नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतल्या बागायतदारांनी द्राक्षवेलीबद्दल जे ज्ञान जमवले, ते जगातल्या कोणत्याही द्राक्षप्रदेशाच्या तोडीचे आहे. थॉम्पसन या वाणातून निवड करून तास-ए-गणेश हा वाण सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने, वसंतराव आर्वे यांनी, पुढे आणला. ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे, त्याला वाइनची पहिली चार प्रकरणे अर्धी पाठच असतात.

मात्र खायचे द्राक्ष आणि वाइनचे द्राक्ष यांचे गणित उलटे चालते. खायच्या द्राक्षात मणी मोठा, साल पातळ, बी नको. त्यासाठी विरळणी करायची, जीए हे संजीवक द्यायचे, घड भरवायचा. रेड वाइनला मणी लहान हवा, साल जाड हवी आणि बी पक्के हवे, कारण रंग सालीत असतो आणि तुरटपणा सालीत व बियांत. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून खायच्या द्राक्षात बागायतदार एकरी दहा टनांच्या आसपासचा हिशेब मांडतो, तर चांगल्या रेड वाइनसाठी त्याला त्याच्या निम्म्याहून खाली थांबावे लागते. भरघोस पिकाचा अभिमान असलेल्या माणसाला घड कापून जमिनीवर टाकायला सांगणे, ही नाशिकच्या वाइनमधली पहिली अवघड शिकवणी होती.

दुसरा फरक ऋतूंचा. बोर्दो साधारण ४५ अक्षांशावर आहे. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदाच छाटली जाते, एप्रिलमध्ये फुटते, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरते (म्हणजे मणी मऊ पडू लागतात) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. नाशिक २० अक्षांशावर. इथे वेल पुरती कधीच झोपत नाही, म्हणून माणूस तिला दोनदा छाटतो : उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पाणी उतरते ते थंडीत आणि तोडणी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालते. या उलटापालटीचा परिणाम थेट ग्लासात दिसतो. बोर्दोचे द्राक्ष पिकत जाते तसे दिवस लहान आणि थंड होतात. आंबटपणा टिकतो, साल सावकाश पिकते. नाशिकचे द्राक्ष थंडीत पिकायला लागते आणि तापत्या उन्हात तयार होते. शेवटच्या आठवड्यांत साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो. चार दिवस उशीर झाला तर वाइन जड होते, चार दिवस घाई झाली तर बियांचा हिरवा कडवटपणा राहतो. सुमारे सहाशे मीटरची उंची आणि निफाड-दिंडोरीच्या थंड रात्री नसत्या, तर या अक्षांशावर रेड वाइनचा विचारही करता आला नसता.

वेलींची मुळे मात्र दोन्हीकडे एकाच खंडातून आलेली आहेत. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या वेलींची मुळे खाल्ली. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम बांधणे हाच त्यावरचा टिकाऊ इलाज ठरला. महाराष्ट्रात डॉगरिज खुंट आला तो अवर्षणाला आणि खारट पाण्याला तोंड देण्यासाठी. तोही मूळचा अमेरिकन. केवडा हा रोगही अमेरिकेतूनच फ्रान्सला पोचला. बोर्दोत प्राध्यापक असलेल्या मियार्दे यांच्या लक्षात आले की मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना फवारलेला आहे आणि त्याच वेली केवड्यातून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केले. आपला बागायतदार बोर्डो मिश्रण म्हणून आजही जे कालवतो ते हेच. बोर्दोशी मराठी शेतकऱ्याची ओळख बाटलीच्या कितीतरी आधीची आहे आणि ती मोरचुदाच्या निळ्या रंगाची आहे.

वाइनरी

काळ्या द्राक्षाचा रस बहुतेक वाणांत जवळजवळ रंगहीन असतो. लाल रंग मिळवायचा तर रस सालीसकट आंबवावा लागतो. घडांचे देठ काढायचे, मणी फोडायचे आणि सगळा लगदा टाकीत घालायचा. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, कार्बन डायऑक्साइड वर येतो आणि साली वर ढकलल्या जाऊन त्यांचा जाड थर तयार होतो. तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबायचा किंवा तळाचा रस पंपाने त्याच्यावर सोडायचा, म्हणजे रंग आणि तुरटपणा उतरत राहतो. किती दिवस, किती तापमानाला, किती हलक्या हाताने, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत वाइनकाराची ओळख असते. तापमान फार वाढले की यीस्ट मरते आणि फळाचा वास उडून जातो. म्हणूनच १९६१ मध्ये ओ-ब्रियोंने आंबवण्याचे तापमान काबूत ठेवण्यासाठी स्टीलच्या टाक्या आणल्या, तेव्हा बोर्दोच्या नामांकित मळ्यांत ते धाडसाचे पाऊल होते. ते उचलणारे देल्मास घराणे; आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्यांनी तिथला कारभार पाहिला आहे. जमिनीइतकीच माणसांच्या स्मरणाची सलगता वाइनला घडवते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

यानंतर दुसरे, शांत आंबवणे होते. बॅक्टेरिया मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करतात आणि कैरीसारखा चावरा आंबटपणा मऊ होतो. मग २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरवण. लाकडातून हवेचा अगदी थोडा शिरकाव होतो, तुरटपणा गोलसर होतो, रंग स्थिर होतो. शेवटी मिश्रण. बोर्दोचा मळा कॅबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो, कॅबर्ने फ्राँ हे वाण आणि मळ्याचे वेगवेगळे तुकडे आधी वेगळे आंबवतो, चाखतो आणि मग त्या वर्षीचे प्रमाण ठरवतो. जे पिंप कमी पडते ते मळ्याच्या दुसऱ्या वाइनमध्ये जाते. नावावर काय जाऊ द्यायचे नाही, हा निर्णय नावाला जपतो.

या सगळ्यामागे विज्ञानाची मोठी परंपरा उभी आहे. लुई पाश्चर यांनी वाइनच्या बिघाडांवरचा ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध केला, तो तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून हाती घेतलेल्या कामातून. विसाव्या शतकात बोर्दोच्या एमिल पेनो यांनी दुसऱ्या आंबवण्याचे नियंत्रण, स्वच्छता आणि पक्व द्राक्षांची तोडणी या गोष्टी मळेवाल्यांच्या अंगवळणी पाडल्या. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवले की कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ यांचे अपत्य आहे. लाल वाणांच्या राजाची एक बाजू पांढऱ्या द्राक्षाची निघाली.

महाराष्ट्र

द्राक्षाच्या मद्याला त्याच्या भूमीवरून ओळखण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याला मधु म्हटले आहे आणि ते ज्या देशात होते त्यावरून कापिशायन आणि हारहूरक अशी त्याची नावे दिली आहेत. पेरिप्लस या ग्रीक नाविकग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात इटलीच्या वाइनचा उल्लेख अग्रक्रमाने येतो आणि तिथून माल पैठण-तेरच्या वाटेने आत जाई. घारापुरीला आणि नेवाशाच्या उत्खननात रोमन धाटणीच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. सातवाहनांच्या प्रजेपैकी काहींनी भूमध्य समुद्राकडची वाइन चाखली होती, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे.

आधुनिक कथा १९८० च्या दशकात नारायणगावला सुरू होते. श्यामराव चौगुले यांच्या इंडेज या कंपनीने शॅम्पेन प्रदेशातल्या पायपर-हाइडसिकच्या तंत्रज्ञांची मदत घेऊन फसफसती वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात पोचवली. तो उद्योग नंतर कर्जाखाली बंद पडला आणि एका मळ्याची सुरू झालेली नोंद मध्येच तुटली. कर्नाटकात नंदी हिल्सला कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच वाण लावले. बोर्दोच्या पोमरोलचे मिशेल रोलाँ १९९० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांचे सल्लागार झाले. पुढे २०१२ मध्ये ग्रोव्हर आणि इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावची वाइनरी एकत्र आल्या आणि ग्रोव्हर झाम्पा हे नाव पडले. अशा रीतीने बोर्दोचा एक धागा थेट नाशिक जिल्ह्यात येऊन पोचतो. राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ १९९७ च्या सुमारास वाइनचे वाण लावले. त्यांच्या सुला या वाइनरीच्या पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या.

२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभे केले, आणि वाइनऱ्यांची लाट आली. निफाडच्या कुंदेवाडीत यतीन पाटील यांनी इटालियन वाइनकाराच्या साथीने रेव्हिलो उभी केली. सांजेगावजवळच शैलेंद्र पै यांची व्हॅलोने आहे. अकलूजला मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदार यांच्या फ्रातेलीने सांजोव्हेजे हा वाण रुजवला. शाँदों हे फ्रेंच घराणे दिंडोरीत आले ते फसफसत्या वाइनसाठी, पण २०२२ मध्ये त्यांनी शिराझची लाल वाइनही काढली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात वाइनच्या वाणांवर काम चालते. २०११ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेचा सदस्य झाला.

आता अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारावा. पावसाने झोडपलेल्या इगतपुरीच्या डोंगरपायथ्याचे कॅबर्ने, कोरड्या निफाडचे कॅबर्ने आणि अकलूजच्या उष्ण माळावरचे कॅबर्ने यांच्यात जमिनीचा फरक किती आणि वाइनकाराच्या हाताचा किती? शिराझ मूळचे ऱ्होन नदीच्या काठचे. दख्खनच्या बेसॉल्टवर ते कॅबर्नेपेक्षा अधिक रमते असे अनेकांना वाटते, मलाही वाटते. पण ते वाटणे सिद्ध करायला एकाच मळ्याच्या पंधरा-वीस वर्षांच्या बाटल्या आणि त्यांच्यावरच्या नोंदी हव्यात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१९ च्या ऑक्टोबरातला न थांबणारा पाऊस, २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड परिसरात पडलेल्या गारा : या तारखा बागायतदाराच्या काळजावर कोरलेल्या आहेत. बोर्दोचा अभ्यासक १९५६ च्या कडाक्याच्या थंडीचे किंवा एप्रिल २०१७ च्या दंवाचे नाव घेताच कोणत्या मळ्याचे काय झाले ते सांगतो. आपल्याकडेही संकटाची आठवण शेतात आहे; ती बाटलीपर्यंत आणि वाचकापर्यंत यायची आहे.

ग्लास

चाखण्याची शिस्त सोपी आहे आणि ती कोणालाही जमते. ग्लास तिरका धरून रंग पाहा : जांभळा तरुण, विटकरी होत गेलेला जुना. मग ग्लास न हलवता वास घ्या, नंतर हलवून घ्या. घोट तोंडात फिरवा आणि चार गोष्टी वेगळ्या करा : आंबटपणा जिभेच्या कडांना पाणी आणतो, टॅनिनचा तुरटपणा हिरड्या कोरड्या करतो, अल्कोहोल घशाशी ऊब देते आणि फळाची चव या तिघांना बांधून ठेवते. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते बघा. वासाला नाव देताना जांभूळ, करवंद, काळी मिरी, ओली माती, कातडे, लवंग, जे खरोखर आठवते ते लिहा. ज्याने कासिस हे फळ कधी खाल्लेले नाही, त्याने वहीत ते लिहू नये.

आपल्या नाकावर विश्वास ठेवा, पण त्याची परीक्षाही घ्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी लाल वाइनचेच वास लिहिले. डोळा नाकाला शिकवतो. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी नावे झाकून चाचणी घेतली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी लाल वाइनमध्ये पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या १९७३ च्या वाइनला दिला. १९७० ची ओ-ब्रियों चौथी आली. ओ-ब्रियोंचे महत्त्व त्याने कमी झाले नाही. नव्या प्रदेशांना मात्र हिंमत मिळाली, आणि नाशिकही त्या हिंमतीच्या वारशात आहे. म्हणून बाटली कापडात गुंडाळून चाखण्याची सवय पहिल्यापासून लावा.

मुंबईच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. रेड वाइन १६ ते १८ अंशांना चांगली लागते. अंधेरीच्या खोलीत बहुतेक महिने तापमान त्याच्या दहा-बारा अंश वर असते. त्यामुळे वाढण्याआधी अर्धा तास बाटली फ्रिजमध्ये ठेवायला संकोच करू नये. माळ्यावर किंवा ओट्याखाली बाटल्या साठवू नयेत, उष्णतेने त्या अकाली म्हाताऱ्या होतात. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस टिकते, आणि तिच्यात रोज काय बदलते हे पाहणे हाही अभ्यासच आहे.

जेवणाशी जोडी लावताना दोन नियम पुरतात. टॅनिनला प्रथिने आणि स्निग्धता मानवते, तिखटाशी मात्र रेड वाइनचे पटत नाही, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवते. म्हणून झणझणीत रश्श्यापेक्षा कोल्हापूरचा पांढरा रस्सा, दाण्याच्या कुटाची भरली वांगी किंवा ईस्ट इंडियन घरातले बाटली मसाल्याचे बेताचे तिखट मटण शिराझला अधिक जवळचे. दुसरा नियम माशांचा. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की रेड वाइनमधले लोह माशाच्या तेलाशी मिळून नकोसा वास निर्माण करते. वर्सोव्याच्या बाजारातून ताजे बोंबील किंवा सुरमई आणली असेल, तर रेड वाइन त्या दिवशी बाजूला ठेवावी आणि शेनँ ब्लाँची पांढरी वाइन काढावी.

आरोग्याच्या नावाखाली रेड वाइन विकण्याची जी चाल १९९० च्या दशकात जगभर पसरली, तिला या पुस्तकात जागा नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा जो विरोध झाला त्यामागे दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा खरा अनुभव होता. तो अनुभव आदराने ऐकल्याशिवाय वाइनवर मराठीत लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. दारूबंदी अधिनियमातला परवाना आणि वयाची अट पाळा. ज्याला प्यायची नाही त्याने हे पुस्तक शेतीचे आणि विज्ञानाचे म्हणून वाचावे. त्याचे काहीही हुकणार नाही. जो पितो त्याच्यासाठी या विषयाची रीतच मोजकेपणाची आहे : ७५० मिलिलिटरची एक बाटली सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला एक लहान ग्लास येतो आणि लिहायला भरपूर मिळते.

वही

सुरुवात कशी करावी? कसारा घाटाच्या पलीकडचा कोणताही एक मळा निवडा. त्याची एक रेड वाइन ठरवा, फार महागडी नको, पण मळ्याने स्वतःच्या नावावर अभिमानाने घातलेली असावी. लेबलवरचे द्राक्षाचे वर्ष बघून दर वर्षी दोन बाटल्या घ्या : एक लगेच चाखायला, एक ठेवायला. चाखताना पाच जणांना सोबत घ्या, प्रत्येकाने न बोलता आधी लिहावे, मग वाचून दाखवावे. वहीत चवीच्या शेजारी त्या वर्षीचा पाऊस, छाटणीचा महिना, तोडणीच्या वेळची हवा हेही उतरवा; वर्तमानपत्रातून आणि बागायतदाराशी दोन वाक्ये बोलून हे सगळे मिळते. फेब्रुवारीत मळ्यावर जा, मणी खा, बी चावून पाहा. हिरवी कडवट बी आणि भाजक्या शेंगदाण्यासारखी तपकिरी बी यांतला फरक एकदा जिभेला कळला की ग्लासातले टॅनिन नव्याने समजते.

पुढच्या प्रकरणांची मांडणी अशी आहे : आधी मळा, मग वाइनरी, मग ग्लास आणि शेवटी महाराष्ट्रातल्या प्रदेशांचा तालुकावार विचार. ज्या बागायतदारांनी, वाइनरीत काम करणाऱ्या मुलामुलींनी आणि गावठाणांतल्या आज्यांनी आपले ज्ञान उघड्या हाताने दिले, त्यांचे ऋण पानोपानी दिसेल.

या क्षेत्रात मराठी वाचकाला मी पाहुणा म्हणून बोलावत नाही, कामाला बोलावते आहे. ओ-ब्रियोंला पेपिस मिळाला, लॉक मिळाला आणि त्यांच्यानंतर शेकडो अनाम टिपणकार मिळाले. दिंडोरी, निफाड, इगतपुरी आणि अकलूजला त्यांचे टिपणकार हवे आहेत, आणि त्यांनी त्याच भाषेत लिहायला हवे जिच्यात त्या वेलींची छाटणी होते. वीस माणसांनी वीस मळे धरले आणि दहा वर्षे प्रामाणिकपणे लिहिले, तर नाशिकच्या रेड वाइनचा पहिला खरा संदर्भग्रंथ तयार होईल. तो लिहिणाऱ्यांत तुमचे नाव असावे, यासाठी हे पुस्तक आहे.

अंधेरी, मुंबई